चेन पुसायची राहिली

मामाने पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून पाठवलेली ती गिअरची सायकल आमच्याकडे आली तेव्हाच बिघडलेली होती. मामेभावाने वापरून सोडलेली. जाड टायर, पुढे तीन चक्रं, मागे सहा. लोहाऱ्याहून कॉलेजला जाताना चढ लागला आणि मी गिअर बदलला की चेन मोठ्या चक्रावरून उडून स्पोकमध्ये जाऊन बसायची. मी उतरायची, हाताने चेन ओढून काढायची आणि उरलेला चढ सायकल ढकलत जायची. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे सारं लफडं काढून टाकतो, साधी करून देतो. चालवा मजेत." मी नको म्हटलं. नको म्हणणं मला जमतं. बाकीचं बोलणं जमत नाही.

बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. सगळे त्यांना फिटरच म्हणायचे, आईसुद्धा चारचौघांत "आमचे फिटर" म्हणायची. कापसाची ती वाईट वर्षं होती. बाहेरगावचे पत्रकार गाड्या करून जिल्ह्यात यायचे आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं घर कुठलं ते विचारत खेड्यांकडे जायचे. जिनिंग बंद पडून घरी बसलेल्या फिटरचं घर त्यांना नको होतं. बाबा दीड वर्ष घरी होते. त्यांनी घरातलं सगळं दुरुस्त करून टाकलं होतं. मिक्सर, कुकर, शेजाऱ्यांचा कूलर, आईच्या शिलाई मशीनचं पायडल. दुरुस्त करायला काही उरलं नाही तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून नुसते बसायला लागले, आणि आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवायला लागली.

मग दिवाळीनंतर बाजारातल्या मोठ्या रस्त्यावरच्या सायकलवाल्या शेठकडे काम असल्याचं त्यांना कळलं. शेठने गिअरच्या सायकली विकायला आणल्या होत्या, डॉक्टर-वकिलांची मुलं त्या घेत होती आणि महिन्याभरात परत आणून दुकानासमोर उभ्या करत होती. दुरुस्त करणारा माणूस नव्हता. बाबांनी जाऊन सांगितलं, मी करतो. शेठ हसला. म्हणाला, घरी पोरीची गिअरची सायकल आहे म्हणता ना, तीच नीट करून आणा. गुरुवारी. साऱ्या चक्रांवर चेन बिनबोभाट चढली-उतरली पाहिजे. जमलं तर त्याच दिवसापासून कामावर या.

बाबा घरी आले ते चप्पल न काढताच माझ्या सायकलजवळ गेले.

"तुह्या कम्प्युटरवर याचं काही सापडते का? गिअर कसा बसवतात ते?"

मी कॉलेजजवळच्या सायबर कॅफेतून चार पानं छापून आणली. सगळं इंग्रजीत. मी नर्सरीपासून इंग्रजी शाळेत. तिथे वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, म्हणून मी शाळेत दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. त्या शाळेसाठी बाबांनी दोन-दोन पाळ्या केल्या होत्या. आता ते सायकल उलटी करून, सीट पोत्यावर टेकवून तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हं. वाच. हळू वाच."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. मागच्या गिअरला दोन बारीक स्क्रू असतात. एक चेनला बाहेर पडू देत नाही, दुसरा आत स्पोकमध्ये जाऊ देत नाही. आधी हे दोन लावायचे, मग केबल ताणायची. केबलच्या टोकाशी फिरणारा नट असतो, तो पाव-पाव फेरा फिरवायचा.

"पाव फेरा. बरं. मंग?"

"मग पायडल फिरवून ऐकायचं. खरखर थांबेपर्यंत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकाचं? असं लिवलं हाय त्याच्यात?"

"हो."

त्यांचा चेहरा उजळला. जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रात, रोलर आणि सुरी यांच्यात किती फट ठेवायची हे ते आवाजावरून ठरवत. मालकाने आणलेला इंजिनिअर पट्टी घालून मोजायचा आणि बाबा डोळे मिटून सांगायचे, अजून जरा. हे मी लहानपणापासून ऐकलं होतं आणि घरातल्या बढाईत जमा केलं होतं. त्या दिवशी मी ते पाहिलं. एका हाताने पायडल फिरवत, मान तिरकी करून ते नट फिरवत राहिले. खरखर बारीक झाली, मग टिकटिक झाली, मग काहीच नाही. सहाही चक्रांवर चेन चढली आणि उतरली. सगळं एका दुपारीत झालं.

त्यांच्याबरोबर जिनिंगमध्ये असलेला एकजण फाटकाशी थांबला होता. "काय फिटर, पोरगी हेडमिस्त्री झाली काय तुमची?"

"झालीच तर. ती वाचते, मी करतो."

"मंग पगार तिलेच द्या लागन."

"तिच्या शाळेले लई दिला. आता तिच्याकडून वसूल करून राह्यलो." दोघंही हसले. मी पानं उलटीसुलटी करत राहिले. बाबांना इतकं हसताना मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं असं मी इथे लिहायला हवं. पण मला लाज वाटत होती. उकिडवं बसलेल्या बाबांची.

बुधवारी कॉलेजात आमच्या वर्गातली एक मुलगी तिच्या नव्या गिअरच्या सायकलविषयी बोलत होती. ब्रेक घासतात, सोमवारी दुकानात टाकणार आहे, शेठ म्हणाला नवा माणूस येतोय. ती इंग्रजीत बोलत होती, आम्ही सगळ्याच तिथे इंग्रजीत बोलायचो. माझ्या घराविषयी तिथे कोणाला काही माहीत नव्हतं, आणि ते तसं राहावं म्हणून मी बरीच मेहनत घेतलेली होती. मला दुकानाची पायरी दिसली. पायरीवर बाबा, तिची सायकल उलटी, आणि ती वर उभी राहून म्हणते आहे, "अंकल, जरा लवकर."

संध्याकाळी घरी आले तर बाबा चेनजवळ बसलेले. ब्रेक झाले होते, चाकांची थरथर काढली होती. शेवटचं पान राहिलं होतं, तेलाचं.

"तेलाचं काय म्हणते पुस्तक?"

पुस्तक काय म्हणतं ते मी आधीच वाचलं होतं. प्रत्येक कडीवर पातळ तेलाचा एक थेंब. मग कोरड्या फडक्याने सगळी चेन पुसून काढा, बाहेरून ती हाताला कोरडी लागली पाहिजे. बाहेर राहिलेल्या तेलाला कचरा चिकटतो आणि गिअर बिघडतो. त्या वाक्याखाली जाड रेघ होती.

आणि बाबांच्या हातात जिनिंगमधून आणलेला ग्रीसचा डबा होता.

बाबांना कोरड्या यंत्राची भीती होती. जिनमध्ये बेअरिंग कोरडं पडलं की तापतं, तापलं की ठिणगी, आणि भोवती सगळा कापूस. अशी एक आग त्यांनी पाहिली होती. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तिची खूण होती. म्हणून दर दोन तासांनी तेलाची बुधली घेऊन ते साऱ्या जिनांवरून फिरायचे, आणि घरात दाराच्या बिजागरीलासुद्धा इतकं तेल घालायचे की भिंतीवर ओघळ यायचे. आई ओरडायची. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "कोरडं ठेवू का? जळू देऊ का?"

"बोल ना. काय लिवलं हाय?"

"चेनला तेल द्या असं आहे," मी म्हटलं.

"बस? अजून काही?"

"नाही."

त्यांनी दोन बोटांनी ग्रीस घेतलं आणि कडी-कडीत भरलं. वरून बुधलीतलं तेल सोडलं. मागच्या गिअरला दोन छोटी दातेरी चाकं असतात, चेन त्यांच्यामधून जाते, तीसुद्धा लिंपून टाकली. पायडल फिरवलं. आवाज मुळीच नाही. "पाह्य," ते म्हणाले, "लोण्यावानी."

मी पानं घडी करून दप्तरात ठेवली.

गुरुवारी सकाळी मी त्या सायकलवर आणि मागे बाबा त्यांच्या काळ्या सायकलवर असे निघालो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वेचणीचे दिवस होते. कापसाच्या गाड्या आणि ट्रक बाजार समितीकडे रांगेने चालले होते, मालाचे डोंगर जाळीबाहेर फुगलेले. त्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्याच्या कडेच्या बाभळीसुद्धा पांढऱ्या होतात. कापूस हवेत असतो, डोळ्यांत, केसांत जातो. आपण तो झटकतो आणि पुढे जातो. चेन झटकत नाही.

अर्ध्या रस्त्यात पायडल जड लागायला लागलं. मी खाली वाकून पाहिलं. ती दोन छोटी चाकं आधी पांढरी दिसली, थोड्या वेळाने राखाडी, मग दाते दिसेनासेच झाले. थांबता आलं असतं. दप्तरात रुमाल होता, पाच मिनिटांचं काम होतं, बाबांच्या हातांनी तर दोन मिनिटांतच केलं असतं. मागून ते ओरडले, "कशी चालून राह्यली?"

"चांगली," मी ओरडले.

दुकानासमोर शेठने सायकल स्टँडवर घेतली आणि एका हाताने पायडल फिरवलं. पहिलं चक्र, दुसरं. तिसऱ्यावर चेन चढेना. त्याने गिअर पुन्हा दाबला. चेनने एक उडी मारली आणि सर्वांत लहान चक्र आणि फ्रेम यांच्यामध्ये जाऊन रुतली. शेठने खाली वाकून चिमटीने त्या चाकांमधला काळा बोळा ओढला. तो लांबतच गेला.

"फिटर, सायकल आणली का जिन आणला?"

दुकानातली माणसं हसली. बाबाही थोडे हसले. "रस्त्यानं कापूस लय उडून राह्यला शेठ. दहा मिनिटं द्या, साफ करून दाखवतो. गिअर बरोबर बसला हाय, तुम्ही आवाज ऐका फक्त."

"गिऱ्हाईक आवाज ऐकत नाही ना भाऊ. त्याले रस्त्यावर चालवाची असते, आपल्याच रस्त्यावर." शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने बोळा खाली टाकला, बोटं पुसली आणि माझ्याकडे पाहिलं. "काहून बेटा, तू इंग्रजी पुस्तकातून वाचून सांगतली म्हणे यांना. असं ग्रीस थापाचं लिहिलं होतं का त्याच्यात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला बोलायचं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी लाजाळू आहे असं लोक म्हणतात. त्या वेळीही त्यांना तसंच वाटलं असणार.

"तिनं बराबर वाचलं शेठ," बाबा म्हणाले. "ग्रीस मी माह्या मनानं टाकलं. सवय हाय."

शेठने पंक्चरच्या कामाला बसायचं असेल तर जागा आहे असं सांगितलं. बाबा म्हणाले, विचार करून सांगतो. आम्ही दोघंही सायकली हातात धरून निघालो. बाजार समितीपाशी ते थांबले, चेन रुळावर आणली, काडीने चाकं कोरून काढली आणि मला म्हणाले, "जाय, कॉलेजले उशीर होईन." सायकलवरून न उतरता मी चढ पार केला. सहाही गिअर पडत होते.

घरी त्यांनी आईला सांगितलं की शेठला नागपूरचा माणूस मिळाला. आईने ते मानलं नाही, पण भांडलीही नाही. पुढच्या महिन्यात बाबा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका बंद शेडवर वॉचमन लागले. आत यंत्रं होती, त्यांना हात लावायचा नव्हता.

मी हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते काय म्हणतील ते मला माहीत आहे. म्हणतील, "तू सांगतलं असतं तरी म्या काय ऐकलं असतं? कोरडी चेन!" आणि हसतील. ते खरंही असेल. ते तसं म्हणतील म्हणूनच मी सांगत नाही.