सोमाचा शनिवार

सोमा गेला आणि आमच्या ऑफिसातला लाल रंगही गेला.

आज वर्ष झालं. परवापर्यंत कोड तपासणाऱ्या टेस्टचा निकाल रोज हिरवा, म्हणजे पास. आम्ही खूश.

सोमनाथ म्हणजे आमच्या नागापूर एमआयडीसीतल्या चार टेबलांच्या ऑफिसातला सगळ्यात कटकट्या डेव्हलपर. नेवाशाकडच्या एका दूध थंड करायच्या प्लांटची स्क्रीन आम्ही जावास्क्रिप्टमध्ये केलेली.

तिथे पाइपांतून अमोनिया फिरतो. गॅस गळाला तर स्क्रीनने भोंगा वाजवायचा.
सोमाचे वडील, नाना, तिथेच ऑपरेटर.

कोडमध्ये जरा काही बदललं की टेस्टच्या सगळ्या फाईली एकत्र बंडल करून चालवाव्या लागायच्या. चहा पिऊन आलं तरी संपायचं नाही. मग सोमानेच सोय केली. हव्या त्या फाईलींची नावं द्या, तेवढ्याच बंडल होतील, तेवढ्याच चालतील.

पण शनिवारी हा बाबा सगळ्याच्या सगळ्या चालवत बसायचा.

"अरे, जिथे हात लावलाय तेवढंच बघ ना!" मी वैतागायचे.

"तायडे, हात लावला तिथंच मोडतं, असं कोन म्हनलं तुला?"

मग हायवेवर ट्रकने त्याला नेलं.
त्याच्यामागे शनिवारी कोणी काही चालवलं नाही.

परवाच्या शनिवारी त्याची फार आठवण आली. निव्वळ त्याच्यासाठी मी सगळ्या फाईली चालवल्या.

लाल.

पहिलीच फाईल भोंग्याची. मध्यंतरी आम्ही गॅस ओळखणाऱ्या सेन्सरचं कोड बदललं आणि टेस्टही फक्त सेन्सरची चालवली. तेव्हापासून गॅस गळाला तरी स्क्रीन हिरवीच, आणि प्लांटवरचा भोंगा मुका होता.

नानांना फोन लावला.

"नाना, गॅसचा वास येतोय का?"

"वास रोजचाच हाय गं. आज डोळं चुरचुरत्यात जरा. पन स्क्रीन हिरवी हाय की."

"बाहेर या. सगळ्यांना घेऊन. आत्ता!"

"अगं पोरी, आमच्या सोमाची स्क्रीन हाय ती. ती खोटं न्हाई बोलायची."

मी ओरडले. रडले. तेव्हा कुठे ते उठले.

मी पोचले तर नाना फाटकाबाहेर डोळ्यांवर ओला टॉवेल धरून बसलेले. गळती खरीच होती.

"सोमानं केल्ती तशीच हाय ना ती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातला टॉवेल घेऊन पुन्हा भिजवून आणला.

सोम्या, नाना सुखरूप आहेत. सगळे बाहेर आले. प्लांट सध्या बंद आहे.
तुला भरल्या डोळ्यांनी नमस्कार, भावा.

यादीत भोंग्याच्या खाली अजून बऱ्याच फाईली लाल आहेत. त्या उघडायला बसतेय.