न झालेली कॉपी

जे फंक्शन काहीच कॉपी करत नव्हतं, ते मी पास करून टाकलं होतं.

परवा एका रेडिओवाल्याच्या दुकानात तो तारेला डाख लावत असताना राळेचा धूर नाकात गेला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या, मुंबईतल्या साकीनाक्याच्या गाळ्यात पोहोचलो. खाली ट्रान्सफॉर्मरचा कारखाना, तिथून हाच वास यायचा; वर सी कंपायलर, म्हणजे सी भाषेतले प्रोग्रॅम संगणकाला समजतील असे करणारं सॉफ्टवेअर, बनवणारी आमची चिमुकली कंपनी. शब्द एका जागेतून दुसरीकडे कॉपी करणारी फंक्शन्स, म्हणजे प्रोग्रॅमचे छोटे तुकडे, नलिनी लिहायची, मी तपासायचो.

एके दिवशी गिऱ्हाइकासमोर पडद्यावर नुसता कचरा उमटला. साहेब नलिनीवर कडाडले, "उद्यापासून येऊ नका!"

मलाही चेव आला. "मी स्वतः तपासलंय, साहेब! नंतर हिनेच घोळ घातलाय!"

नलिनीचे कान लाल झाले. तिने माझा टेस्ट प्रोग्रॅम सगळ्यांसमोर उघडला. प्रत्येक फंक्शनला मी एकच शब्द दिला होता, माझं नाव, आणि ते कॉपी करायची जागाही एकच. पहिल्या फंक्शनने ते नीट लिहिलं. दुसऱ्याने काहीच केलं नाही, पण तिथे पहिल्याने लिहिलेलं नाव होतंच. मी खूश!

साहेब तिला "बरं, राहा" म्हणाले, आणि माझ्याकडे बघून चक्क हसले. "चालायचंच!" तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज त्या हसण्याने डोकं फिरतं.

नलिनीचं तेव्हाच फिरलं होतं.

"फंक्शनमधली चूक माझी, ती मी आत्ता सुधारते," ती माझ्यावर फणफणली. "पण तुझं काय करायचं रे?"