एक्केचाळिसावा वाडगा

रविवार, ८ मे २०१६. बसचे भाडे चार लाख पन्नास हजार लिरा ठरले होते. तीस जागा, माणशी पंधरा हजार. बैरुतच्या उपनगरातून निघायचे, घाट ओलांडून ऐन-सफ्साफला पोहोचायचे, मते टाकायची आणि संध्याकाळी परत फिरायचे.

गावाने निवडलेला, नोंदी आणि शिक्का सांभाळणारा मुख्तार वहीब सकाळी सहाला वही घेऊन बसच्या दाराशी उभा राहिला. नाव लिहायचे, नोट घ्यायची, बरोबरची खूण करायची, मगच पायरीवर पाय ठेवू द्यायचा.

"मुख्तार, अनीसच्या दोन बसगाड्या चौकात उभ्या आहेत. फुकट आहेत, वर लोणी-पनीरचा नाश्ता!" एकजण म्हणाला.

"मग जा की तिकडे."

"तिकडे सिगारेटी फार ओढतात," असे म्हणत त्याने पंधरा हजार मोजून दिले.

ज्याच्या बसमध्ये बसायचे त्याचेच नाव चिठ्ठीवर लिहायचे, अशी आमच्याकडची रीत. वहीबला ती कधीच पटली नाही. आपले मत आपल्या खर्चाने न्यावे, म्हणजे ते वाटेत कोणाचे होत नाही, असे तो म्हणे. गेली अठरा वर्षे दर निवडणुकीला तो ही बस ठरवत आला होता. पण फोनवरून, गावात बसून. बस आली की तो चौकात अक्रोडाच्या झाडाखाली पाहुण्यांचे स्वागत करायला उभा असे. बसमध्ये बसून गावाला जायची त्याची ही पहिलीच वेळ.

वहीब कसा माणूस हे कळायला त्याची नोंदवही पाहावी. ऐन-सफ्साफच्या यादीत एक हजार चौदा नावे. हयात माणसांची निळ्या शाईत, गेलेल्यांवर लाल रेघ. आणि शहरात राहायला गेलेल्यांच्या नावापुढे फुली, ती मात्र पेन्सिलीची. कोणी परत आलाच तर खोडता यायला हवी. अठरा वर्षांत त्याने असे चार वेळा खोडरबर वापरले, आणि ते चारही दिवस त्याला तारीखवार पाठ होते. गावाचा शिक्का तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवी. त्यासाठी बायकोने, ओडेटने, जुन्या पायमोज्याची पिशवी शिवून दिली होती. जन्म, मृत्यू, लग्न, रहिवास, कशाचाही कागद त्या पिशवीतून बाहेर आल्याशिवाय खरा होत नसे.

अडचण एवढीच होती, की नाव ज्या गावच्या वहीत, मत त्याच गावात. माणूस राहतो कुठे, हे कोणी विचारत नाही. हिवाळ्यात ऐन-सफ्साफमध्ये जेमतेम चाळीस चुली पेटतात. मतदानाच्या दिवशी मात्र चौकात गाड्या लावायला जागा उरत नाही. चाळीस घरांचा मुख्तार कोण, हे बैरुतहून आलेली माणसे ठरवणार आणि संध्याकाळी उतरून जाणार.

म्हणून १९९८ साली वहीबने एक नियम घातला. मुख्तार हिवाळ्याचाच माणूस हवा. हिवाळ्याचा माणूस ओळखायचा कसा? तर डिसेंबरात संत बार्बाराच्या सणाला देवळाच्या अंगणात एका मोठ्या पातेल्यात गोड गहू शिजतात. बेदाणे, डाळिंबाचे दाणे, बडीशेप घालून. ज्या घरात त्या दिवशी शेगडी पेटलेली असेल त्या घरी एक वाडगा जातो. जितके वाडगे, तितकी घरे. तेव्हा त्याच्याविरुद्ध त्याचा चुलतभाऊ अनीस उभा होता. अनीसचे बैरुतला रंगाचे दुकान. माणूस दिलदार, देवळाची घंटा त्यानेच दिलेली. पण वहीबने भर सभेत विचारले, "उद्या जानेवारीत कोणी गेलं आणि घाटात बर्फ असलं, तर दाखल्यावर शिक्का मारायला तू काय घंटा वाजवत येणार?" सगळे हसले. अनीस पडला.

अठरा वर्षे गेली, आणि गेल्या नोव्हेंबरात ओडेट अंगणात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया बैरुतला, आणि नंतरचे व्यायामही तिथेच. मुलीकडे, सहाव्या मजल्यावर. वहीबने घराला कुलूप लावले आणि शिक्का खिशात घेऊन तो शहरात आला. त्याला वाटले होते महिनाभराचे काम. हिवाळा तिथेच गेला.

सहाव्या मजल्यावरून त्याला पहिल्यांदा शहर दिसले. खाली कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग दुसऱ्या मजल्याच्या सज्जापर्यंत चढला होता. नाक दाबून त्याने जावयाला विचारले, "तुमच्या नगरपालिकेला मत देताना हे सांगत नाही का कोणी?"

जावई हसला. "अम्मो, या इमारतीत चोवीस घरं आहेत. इथे मत असलेला एकही नाही. सगळे आपापल्या डोंगरावर जाऊन मत देतात."

वहीबने ते खरे मानले नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्याने चोवीसही दारे ठोठावली. चोवीस गावांची नावे मिळाली.

जानेवारीत गावात म्हातारा तौफीक गेला. घाट बंद होता. दाखल्याचा शिक्का वहीबच्या खिशात, बैरुतला. शेवटी शेजारीण नजला गुडघाभर बर्फातून शेजारच्या गावी गेली आणि तिथल्या मुख्तारला हातापाया पडून घेऊन आली. तौफीकला मातीआड करायला दोन दिवस लागले. वहीबने हे फोनवर ऐकले, आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी गावात देवळामागच्या खोलीत सभा भरली; वहीब जावयाच्या गाडीने आला. वहीबने नेहमीप्रमाणे वही उघडली. "नजला, बार्बाराचे वाडगे किती?"

नजला शिक्षकाची विधवा, पंचावन्नची, गव्हाचे पातेले सांभाळणारी. ती म्हणाली, "एक्केचाळीस."

"चुली चाळीस," मागून अनीसचा आवाज आला. "मी मोजून घेतल्यात. हा एक वाडगा जास्तीचा कुठून आला?"

नजला लाल झाली. "मुख्तारांच्या उंबऱ्यावर ठेवला. घराला कुलूप आहे हे माहीत होतं हो. पण इतकी वर्षं वाढतेय, हात गेला."

"आणि खाल्ला कोणी?"

"मांजराने."

"वा!" अनीसने मांडीवर थाप मारली. "मग चुलत्याच्या लेका, तुझ्याच नियमाने मांजर मुख्तार झालं की! शिक्का दे त्याला. निदान ते तौफीकच्या वेळी गावात तरी होतं."

सभा खदखदून हसली. हिवाळ्याची माणसे मात्र हसली नाहीत. "वाडगा ठेवला म्हणजे मोजला," कोणी म्हणाले. "बायकोचं हाड मोडलं, त्याला काय करणार?"

वहीबने खिशातून पेन्सिल काढली. यादीत आपले नाव शोधले आणि त्यापुढे, सगळ्यांना दिसेल अशी, फुली मारली. "नियम मीच केला. माझ्यासाठी तो वाकवला तर उद्या कोणासाठी सरळ ठेवू? मी उभा राहत नाही. हिवाळ्याच्या लोकांकडून नजला उभी राहील."

"मी?" नजला म्हणाली. "मला सही करतानासुद्धा जीभ बाहेर काढावी लागते."

"शिक्का मारताना नाही लागत."

अनीसने त्याच आठवड्यात आपला अर्ज भरला. नियम गावचा होता. कायद्याला त्याच्याशी काही घेणेदेणे नव्हते. म्हणजे आता शिक्का गावात राहणार की रंगाच्या दुकानात जाणार, हे शहरातून येणाऱ्या बसगाड्यांवर ठरायचे होते.

त्यातल्या एका बसमध्ये आता स्वतः वहीब बसला होता. नवव्या रांगेत, रोजेटच्या शेजारी. रोजेट म्हणजे त्याच्या मावसभावाची विधवा. पस्तीस वर्षे उपनगरात शिवणकाम करणारी. घाट चढून झाल्यावर ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मुख्तार, आम्हा शहरात गेलेल्यांना 'उन्हाळी' म्हणणारे तुम्हीच ना?"

"मीच."

"माझं माहेर दक्षिणेला. लग्न झालं तेव्हा नाव या गावच्या वहीत आलं, मी नाही आले. गावात मी सगळ्या मिळून वीस रात्री झोपले असेन. राहते तिथे दाराशी कचरा साचतो, आणि तिथे माझं मत कोणी विचारत नाही. सगळ्या देशात मला विचारणारी एकच जागा आहे, ती तुमच्या शाळेतली पेटी. आणि तुम्ही म्हणता, तिथेही जरा गप्प बैस."

सहा महिन्यांपूर्वी वहीबकडे याला उत्तर होते, आणि चांगले खणखणीत होते.

"मी चोवीस दारं ठोठावली, रोजेट," तो म्हणाला. "जिथे राहता तिथे तुम्हाला मत असायला हवं. ते मिळालं असतं तर आमच्या चाळीस घरांना तुमचं भय वाटलं नसतं. दोघांची एकाच हिशेबाने पंचाईत झालीये."

"म्हणजे मी मत देऊ की नको?"

"द्या. मन लावून द्या. कोणाला ते मी सांगणार नाही. बस मी ठरवलीय."

रोजेटने खिडकीतून खाली दरीकडे पाहिले. "एक सांगा. त्या नजलाने खरंच तुमच्या बंद दारापुढे वाडगा ठेवला?"

"ठेवला. सवयीने."

"सवयीने," ती म्हणाली. "पस्तीस वर्षांत माझ्यासाठी कोणी चुकूनसुद्धा ठेवला नाही."

चौकात अक्रोडाखाली या वेळी नजला उभी होती. तिने प्रत्येकाला नावाने हाक मारली. रोजेटला मात्र ती ओळखू शकली नाही, आणि तसे तिने सरळ सांगून टाकले. "तुमचं घर कुठलं हो?"

"दोन विहिरींच्या मधलं. बंद असतं."

"निळ्या दाराचं? अहो, त्याच्या पायरीवर दरवर्षी माझी पापडी वाळते!" नजला ओशाळली. "विचारायला हवं होतं मी."

"वाळू द्या," रोजेट म्हणाली आणि शाळेकडे चालू लागली.

वहीबने अंगठा शाईत बुडवला, मत दिले आणि आपल्या बंद घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. वाडगा तिथेच होता, बर्फाने आणि उन्हाने फिका पडलेला. शेजारी ते मांजरही होते, चांगले गुबगुबीत. निकालासाठी त्याला थांबता आले नाही. ओडेट वाट पाहत होती. वाडगा पिशवीत घालून तो सहाला त्याच बसने घाट उतरला.

सोमवारी सकाळी नजलाचा फोन आला. "दोनशे चौदा मला, दोनशे सात अनीसला. सातांनी वाचले हो. अनीस आला होता घरी. म्हणतो, मांजर मुख्तार झालं नाही आणि मीही नाही, निदान आम्हा दोघांना दूध तरी पाज."

"बसमध्ये तीस माणसं होती," वहीब म्हणाला.

"कोणी कोणाला दिलं, कोण सांगणार? रोजेटबाई जाताना एवढंच म्हणाल्या, पुढच्या बार्बाराला निळ्या दारापुढे एक ठेव. मी म्हटलं, मग बेचाळीस होतील, मुख्तार काय म्हणतील!"

"मुख्तार तू आहेस."

नजला हसली. मग, वहीबने सभेनंतर गावातच ठेवलेल्या नोंदवहीची पाने उलटल्याचा आवाज आला. "तुमच्या नावापुढची ही फुली खोडू का?"

वहीबने खोलीत पाहिले. ओडेट काठी धरून सज्जापर्यंत गेली होती आणि परत फिरत होती. "अजून नको," तो म्हणाला. "ती स्वतःच्या पायांनी बसमधून उतरेल त्या दिवशी खोड. आणि रबर हळू चालव, कागद जुना आहे."

मग त्याने बसची वही काढली. परतताना चालक जमीलला त्याने चार लाख पस्तीस हजार दिले होते, आणि जमीलने न मोजता ते खिशात टाकले होते. वहीबने नावे तीनदा मोजली. एकोणतीस. अठरा वर्षे तो बस भरून पाठवणारा होता, बसणारा कधी नव्हता. त्यामुळे स्वतःचे नाव लिहायचे राहून गेले होते. तिसाव्या ओळीवर त्याने निळ्या शाईत लिहिले: वहीब. पुढची खूण केली नाही.

बसचे पंधरा हजार लिरा वहीबकडून जमीलला अजून द्यायचे आहेत.