मामाची दोन तिकिटं

कोल्हापुरातून सुटणारी गाडी कोल्हापुरातच राहणाऱ्या माणसाला चुकू शकते. उठायला उशीर होतो, रिक्षा मिळत नाही, ऐन वेळी चष्मा सापडत नाही. पण तीच गाडी पकडायला तिच्या कितीतरी आधी घरातून निघायचं, पॅसेंजरने जयसिंगपूरला जाऊन फलाटावर बसायचं आणि मागून ती गाडी समोर येऊन उभी राहिली की निवांतपणे चुकवायची, हे काम फक्त माझ्या मामानं केलं. आणि इतक्या वेळा केलं, की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जिथं तो फिटर होता, तिथं त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. तिथं त्याचं नाव ‘जयसिंगपूर’.

त्याच्या कारखान्यातली मशीनं बाहेरगावी जायची आणि ती बसवायला मागोमाग मामा जायचा. पुणे, नाशिक, बंगळूर, कुठंही. साहेब सकाळी फोन करून विचारायचे, “कुठवर पोचलास?” मामा म्हणायचा, “जयसिंगपूर.” दुपारी पुन्हा फोन यायचा, “आता कुठं आहेस?” “जयसिंगपूरच की.” खोटं बोलणं त्याला जमतच नव्हतं, नाहीतर निदान मिरज तरी म्हणाला असता. पण मशीन असं बसवायचा, की पुन्हा कोणाची तक्रार येत नसे. म्हणून नोकरी टिकली.

कॉलेजसाठी मी मंगळवार पेठेत मामा-मामीकडे राहायला होते, त्यामुळे ही सगळी तयारी मी जवळून बघितली आहे. प्रवास ठरला की मामा स्टेशनवर जाऊन एक्स्प्रेसचं आरक्षण आगाऊ काढून आणायचा, पण ते कोल्हापूरपासून नव्हे, जयसिंगपूरपासून. तिथवरचं पॅसेंजरचं तिकीट वेगळं, ते निघायच्या दिवशी. मामी कपाळाला हात लावायची. “अवो, हितनंच सुटती की गाडी! एकच तिकीट काढा, बसा खिडकीत.”

“तुला रेल्वेतलं काय कळतंय?” मामा म्हणायचा. “कोल्हापुरातनं बसला की मानूस झोपतोय. जयसिंगपुरात बसला की जागा ऱ्हातोय.”

“ह्यांचं डोस्कंच वेटिंगवर हाय,” मामी मला सांगायची आणि पिशवीत त्याचा टॉवेल कोंबायची.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जयसिंगपुरात माझी आई राहते. मामाची धाकटी बहीण, एकुलती एक. आमचं घर स्टेशनच्या मागंच आहे, फलाटावरून आमच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात. आणि त्या घरात मामा पाऊल टाकत नव्हता.

याला कारण माझं जावळ. आमच्याकडे जावळाला पोराला मामाच्या मांडीवर बसवून केस काढतात आणि मग पै-पाहुण्यांना मटणाचं जेवण घालतात. केसांचं काम घटकाभरात आटोपतं, मटणाचं दिवसभर चालतं. त्या दिवशी पांढरा रस्सा मामानं स्वतः केला होता. त्याच्या हातच्या पांढऱ्या रश्श्याला पेठेत मान होता, आणि तो मान त्याला जरा जास्तच माहीत होता. पहाटेपासून चुलवणापुढं उभं राहून त्याचे डोळे लाल झाले होते. पंगत बसली. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि सगळ्या भावकीसमोर विचारलं, “पावणं, रस्सा हाय का पाणी?”

आप्पा अजून म्हणतात, ती चेष्टा होती. असेल. पण मामानं हातातली पळी खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाला, “ह्या घराचा उंबरा परत चढलो तर नावाचा न्हाय.” आप्पांनी तेव्हा गप्प बसायचं की नाही? पण ते गप्प बसतील तर आप्पा कसले! “नका चढू,” म्हणाले. “उंबऱ्याला बी जरा आराम.” झालं. तोवर मामा त्यांना दाजी म्हणायचा, त्या दिवसापासून परक्यासारखं पावणं म्हणायला लागला. मी त्या वेळी नुकतीच टकली होऊन रडत होते, त्यामुळे रस्सा खरंच पातळ होता का, हे मला कोणी विचारत नाही.

शपथ घराची होती, स्टेशनची नव्हती. म्हणून दोन तिकिटं. मामाची पॅसेंजर यायच्या वेळेला आई डबा घेऊन फलाटावर जायची. शेवटच्या बाकड्यावर दोघं बसायचे. डब्यात भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी, कधी धपाटे. पांढरा रस्सा कधीच नाही. बोलायचं काय, तर काही नाही. मामीचे गुडघे, माझे मार्क, गावाकडच्या म्हशीनं कुणाला ढुशी मारली. बराच वेळ दोघं भांडतच असायचे. मग एक्स्प्रेस यायची. जयसिंगपुरात ती जेमतेम टेकते.

“दादा, गाडी!”

“दिसती मला.”

“मग ऊठ की!”

“खर्डा ऱ्हायलाय.”

आणि गाडी निघून जायची. मामा हातातला घास तिच्याकडं बघत तोंडात टाकायचा. कुणाला तरी पोचवायला आल्यासारखा. दर खेपेला चुकायची असं नाही, पण आईला काही सांगायचं राहिलं असलं की हमखास चुकायची. मग तो एसटीनं मिरजेला पळायचा आणि मिळेल त्या गाडीनं उभ्यानं जायचा. पुढं पुण्याहून दुसऱ्या गाडीचं आरक्षण असलं तर तीही चुकायची. एका खर्ड्यापायी दोन दोन एक्स्प्रेस गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

एकदा तो चुकलेल्या गाडीचे पैसे परत मागायला तिकीट खिडकीवर भांडायला गेला, मी सोबत होते. खिडकीतला माणूस सभ्य होता. “पॅसेंजर उशिरा आली का?” त्यानं विचारलं.

“न्हाय. टायमात आली.”

“मग गाडी चुकली कशी?”

“जेवत हुतो.”

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. “काका, तुमची दोन तिकिटं वेगवेगळी आहेत. पहिल्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.”

“आसं कसं? मधी मी हाय की!” मामा म्हणाला. “माझा दोन्हीशी संबंध हाय.” यावर नियम सापडला नाही, पण पैसेही मिळाले नाहीत.

आप्पा या सगळ्यात नव्हते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथून ते जेवायला घरी यायचे आणि आईला विचारायचे, “गेलं का पावणं?” “गाडी चुकली,” आई सांगायची. “चुकायचीच,” आप्पा समाधानानं म्हणायचे. पण डबा भरताना आईच्या मागं घुटमळायचे. “लोणचं घातलंस का?” आई वळून बघायची. “आपलं इचारलं. मला काय करायचंय?” अशा दोन रेड्यांच्या मधे माझी आई वर्षानुवर्षं डबा घेऊन स्टेशनला जात राहिली आणि तिनं एकालाही कधी ‘बास करा’ म्हटलं नाही. मला तिचा राग यायचा. मी असते तर दोघांच्या डोक्यात डबा घातला असता.

मग आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं. मामा रोज दवाखान्यात यायचा. दवाखान्याबद्दल त्यानं काही शपथ घेतली नव्हती. तो आत आला की आप्पा चहाला बाहेर जायचे, तो गेला की परत यायचे. आईला घरी सोडताना डॉक्टरांनी वॉकर दिला आणि सांगितलं, आता घरातल्या घरात चालायचं. स्टेशनच्या पायऱ्या वगैरे विसरायचं.

माझी आई सहसा रडत नाही. त्या दिवशी अंथरुणावर बसून तिनं मला विचारलं, “मी आता टेसनावर जायची न्हाय. दादा घरात यायचा न्हाय. मग आमी भेटायचं कुठं?” आणि बोट वर केलं. “थेट तिथंच व्हय?”

मी मामाकडे गेले, भांडले. तो म्हणाला, “म्हटलेलं म्हटलं.” मग आप्पांशी भांडले. ते म्हणाले, “मी कुठं आडवलंय? दार सताड उघडं आस्तंय.” एवढंच बोलून दोघंही जेवायला बसले. मी मात्र दोन्हीकडे उपाशी उठले.

पुढच्या महिन्यात मामाचं नाशिक ठरलं. त्यानं पुन्हा दोन तिकिटं काढली. मामी म्हणाली, “आता कोन येनार हाय डबा घेऊन?” मामा चपला घालत म्हणाला, “सवय हाय.” मी घरी निघालेच होते, त्याच्यासोबत पॅसेंजरला बसले. जयसिंगपुरात उतरून तो त्या शेवटच्या बाकड्यावर बसला, आईची जागा रिकामी ठेवून. आमच्या गच्चीकडे बघत राहिला. मला गलबलून आलं आणि त्याचा संतापही आला. तेवढ्यात फलाटाच्या टोकाकडून आप्पा येताना दिसले. हातात डबा.

ते आले आणि मधे डबा ठेवून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.  रुळांकडे बघतच म्हणाले, “हिनं पाठवलाय.”

“तिला उभं ऱ्हायला येतंय व्हय सैपाकाला?” मामानं विचारलं.

“न्हाय. मी केलाय.”

मामानं डबा उघडला. वरच्या खणात भाकरी, तिचा एक कोपरा जळलेला. खालच्या खणात पांढरा रस्सा. मामानं डबाच तोंडाला लावला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला. मग खाली ठेवून आप्पांकडे वळला. माझ्या जावळापासून हा प्रश्न त्यानं पोटात ठेवला होता.

“दाजी,” तो म्हणाला, “रस्सा हाय का पाणी?”

“पाणीच हाय,” आप्पा म्हणाले. “मला कुठं येतंय? शिकवा की.”

एक्स्प्रेस आली, टेकली, गेली. या वेळी ‘गाडी’ म्हणून कोणी ओरडलं नाही. मामानं सगळा रस्सा संपवला, डब्याची झाकणं लावली आणि आप्पांच्या मागोमाग चालायला लागला. आमच्या दारापाशी मात्र येऊन थबकला. खाली बघितलं. तिथं उंबरा नव्हताच. सिमेंटचा ताजा पट्टा होता, त्यावर आप्पांच्या बोटांचे ठसे.

“उंबरा कुठं गेला?”

“काडला,” आप्पा म्हणाले. “हिचा वॉकर आडकत हुता.”

शेजारच्या सुतारानं मला नंतर सांगितलं, एक उतरती फळी टाकली असती तरी वॉकरचं भागलं असतं. तो तसं सांगायला आलाही होता. पण आप्पांनी ऐकलं नाही. सागवानी उंबरा स्वतः करवतीनं कापत बसले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, उंबऱ्याशिवाय लक्ष्मी आत येईल कशी? आप्पा त्यांना म्हणाले, “लक्ष्मीचं बगू नंतर.”

मामा त्या पट्ट्याकडे बघत उभा होता. “मग मी न चढायचं कशावर?” तो पुटपुटला. आतून वॉकरचा आवाज आला आणि आईचा.

“दादा, गाडी चुकली व्हय?”

“चुकली,” मामा म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर त्यानं आप्पांना रस्सा शिकवायचा खूप प्रयत्न केला. खोबरं असं वाटा, तीळ एवढे घ्या, उकळी फुटू देऊ नका. आमच्या स्वयंपाकघरात दोघांची इतकी भांडणं व्हायची, की आई म्हणायची, न बोलत होते तेच बरं होतं. तिकिटं मात्र मामा दोनच काढत राहिला. आता तर त्याला गाडी चुकवायला फलाटावर बसायचीही गरज नव्हती.

मामा गेला, त्याला दुसरं वर्ष लागलं. मी कोल्हापुरात नोकरी करते आणि कामासाठी पुण्याला जाते. मोबाइलवर दोन मिनिटांत कोल्हापूर–पुणे तिकीट निघतं. मी जयसिंगपूर–पुणे काढते. सकाळी पॅसेंजरनं पुढं जाते. घरी जाऊन आईला भेटते, आणि निघताना आप्पा डबा घेऊन मला पोचवायला येतात. शेवटच्या बाकड्यावर बसतो आम्ही. रस्सा असतो. मी वाटीतून एक घोट घेते आणि दर वेळी विचारते, “आप्पा, रस्सा हाय का पाणी?”

पूर्वी ते हसायचे. परवा बाकड्याच्या रिकाम्या टोकाकडे बघत म्हणाले, “पाणीच हाय. आजून शिकायचं ऱ्हायलंय, आन् त्यो गेला.” समोर एक्स्प्रेस येऊन उभी होती. मी काही उठले नाही. ती गेली आणि खिशातला फोन वाजला. पुण्याचं ऑफिस.

“मॅडम, कुठपर्यंत पोचलात?”

“जयसिंगपूर,” मी म्हटलं आणि वाटी पुन्हा पुढं केली.