मास्तरांची चूक कोण काढणार

कुसाकाबे मास्तरांनी आमच्या पेठेतल्या तीन पिढ्यांचा कर भरला. पैसे अर्थात आमचेच. पण मास्तरांनी कागद केला म्हणजे झाला, पुन्हा उघडून बघायचा नाही, अशी रीत होती. गरम झऱ्याचं गाव आमचं. वरच्या अंगाला हॉटेलं, खाली आम्ही त्यांच्यावर पोट भरणारे: टोफूवाला, फुलवाली, मालीशवाली, आणि हॉटेलातल्या पाहुण्यांचे सुती किमोनो धुऊन इस्त्री करणारे आम्ही.

दर डिसेंबरात सरकार करातले बदल जाहीर करतं. ते जाडजूड बाड आलं की मास्तर लाल पेन्सिल घेऊन बसायचे. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला आलेली माणसंसुद्धा दारातूनच परत जायची. मग जानेवारीत व्यापारी मंडळाच्या माडीवर सगळ्यांना बोलावणं. चहा, टोपलीभर संत्री आणि मास्तरांचं प्रवचन. "नवा कायदा म्हणजे नवी सून," ते सांगायचे. "आली की घर आपल्या पद्धतीनं लावते. सासूनं कुरकुर करू नये, डबे कुठं ठेवलेत तेवढं बघून ठेवावं." सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मी ओसाकाहून इथे सून म्हणून आलेली, आणि पहिल्याच वर्षी मी खरोखरच डबे हलवले होते.

मास्तर तरुणपणी कर कार्यालयात नोकरीला होते. लाकडी टब बनवणाऱ्या एका कारागिराच्या हत्यारांवर जप्तीच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटवल्या. त्या माणसाला मुदत मागता आली असती, तशी तरतूद होती. पण त्यानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मास्तरांना ती तरतूद नंतर पुस्तकात सापडली, तोवर टबवाला गाव सोडून गेला होता. मास्तरांनी नोकरी सोडली, करसल्लागाराची परीक्षा दिली आणि टेबलाच्या या बाजूला येऊन बसले. कायदा माहीत नसणं हा गुन्हा नव्हे, पण शिक्षा गुन्ह्याचीच होते, असं ते म्हणायचे. पेठेला आग लागली त्या वर्षी तर त्यांनी घरोघर फिरून नुकसानीचे कागद केले. आमच्या सासऱ्यांचा कर माफ करून आणला आणि फी म्हणून एक मुळा घेतला. सासूबाई तो मुळा अजून विसरलेल्या नाहीत.

पण पुढे सुना फार झाल्या. खाऊ बांधून नेला तर आठ टक्के, तिथंच बसून खाल्ला तर दहा. मग माणशी ठरावीक रक्कम वजा करायची एक सवलत आली, तिची कोष्टकं पाठ होतात न होतात तोच ती गेली. मास्तरांच्या हाताखालच्या बाई थकून मुलीकडे राहायला गेल्या. मास्तरांची बायको वारली. त्र्याऐंशीव्या वर्षी एकटा माणूस लाल पेन्सिल घेऊन त्या बाडाशी झुंजत होता, आणि आम्ही म्हणत होतो, काय ती तब्येत, काय ती बुद्धी.

त्यातच, बाई अजून होत्या तेव्हाच, नोंदणीचं लफडं आलं होतं. तोवर आम्हा बारक्या लोकांना विक्रीवरचा कर भरावा लागत नव्हता. आता हॉटेलवाले म्हणाले, तुमच्या पावतीवर नोंदणी क्रमांक नसेल तर भुर्दंड आमच्यावर पडतो. क्रमांक घ्या असं कुणी म्हटलं नाही, नुसतं "तुमची मर्जी" म्हणाले. मर्जीचा अर्थ सगळ्यांना कळला. ऑक्टोबरात क्रमांक घेतला आणि आम्ही करात आलो. मास्तरांनी त्या वर्षी एका महिन्यात चार प्रवचनं केली.

दोन वर्षं मार्चमध्ये आम्ही तो कर भरला, मास्तरांनी सांगितला तेवढा. गेल्या शरदात फुलवाली चिनात्सु किमोनो घेऊन आली, तेव्हा बोलता बोलता तिचा आकडा कळला. तिची विक्री आमच्याएवढीच आणि कर निम्म्याहून कमी. ती मास्तरांकडे जात नाही, नगरपालिकेच्या खिडकीवर कागद करून घेते. मी मोबाईलवर शोधलं तर सरकारनंच लिहून ठेवलेलं: आमच्यासारख्या नव्यानं करात आलेल्यांना काही वर्षं सवलत आहे, गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या कराचा पाचवा हिस्साच भरायचा. विवरणपत्रावर एका चौकटीत गोल करायचा, बस. आमच्या प्रतीवर चौकट कोरी होती. मास्तरांनी आपल्या जुन्या, तीस वर्षं हातात बसलेल्या पद्धतीनं हिशेब केला होता आणि आम्ही पाचव्या हिश्शाऐवजी निम्मा भरला होता. एकदा कागद गेला की ही सवलत मागाहून मागता येत नाही, हेही तिथंच लिहिलं होतं.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. नवरा, शुन्साकु, नूडल्स खात होता.

"अहो, मास्तरांनी गोल केलेला नाही."

"हो," तो म्हणाला.

"हो काय हो? तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं आईकडे बघितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पेठेत सगळ्यांनाच माहीत आहे, रित्सुको. मागच्या वसंतापासून."

"आणि कुणी बोललं नाही?"

"मास्तरांची चूक कोण काढणार? इतकी वर्षं त्यांनी आपला कर वाचवला, आता दोन वर्षं चार पैसे जास्त गेले तर काय बिघडलं? त्यांच्या तोंडावर सांगायचं म्हणजे त्यांना मारून टाकण्यासारखं आहे."

"मग येत्या मार्चमध्येही तसंच भरणार?"

"भरू की. तुझ्या ओसाकात माणसं पैशावरून भांडतात, आमच्याकडे नाही."

मी गप्प बसले. तो माझा स्वभाव नव्हे, पण मुळ्याची आठवण काढल्यावर त्या घरात कुणाचं काही चालत नाही. तशी मी ह्या मार्चपर्यंत गप्पच राहिले असते. पण हात्सुएकाकूनं राहू दिलं नाही. तीही काही बोलली नाही, ती नुसती येऊन बसायला लागली.

हात्सुएकाकू मालीशवाली. सत्तरी उलटली तरी हॉटेलाहॉटेलांत जाऊन पाहुण्यांचे खांदे रगडते. बर्फ पडायला लागल्यापासून ती रोज दुपारी आमच्या लाँड्रीत यायची आणि इस्त्रीच्या मोठ्या यंत्राजवळ स्टूल ओढून बसायची. मला वाटलं, गप्पा मारायला येते. एक दिवस तिनं कोट काढला तर आत दुसरा कोट, त्याच्या आत स्वेटर, त्याच्या आत आणखी एक.

"काकू, घरी शेगडी नाही का लावत?"

"रॉकेल महाग झालंय," ती म्हणाली. "आणि तुझं यंत्र फुकट आहे."

"पण आजवर लावायचीस."

"मागच्या हिवाळ्यापर्यंत एवढा कर नव्हता," ती म्हणाली आणि हात यंत्राच्या वाफेत धरले. त्या हातांवरच तिचं पोट, आणि ते निळे पडले होते.

मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. चार पैसे जास्त गेले तर काय बिघडलं, हे ज्याच्या घरात चार पैसे आहेत त्यानं म्हणावं. त्याच संध्याकाळी मी मास्तरांकडे गेले. घरी कुणाला विचारलं नाही, विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतं. फेब्रुवारी लागला होता, आठवडाभरात यंदाचे कागद जायला सुरुवात झाली असती.

मास्तर टेबलाशी होते. मी नमस्कार करून विचारलं, "मास्तर, ती पाचव्या हिश्शाची सवलत आम्हाला लागू नाही का?"

ते प्रसन्न हसले. "ओसाकाच्या माणसाला सवलतीचा वास बरोबर येतो. ऐक, सूनबाई. जे आधी करातून मोकळे होते आणि नोंदणीमुळेच करात आले, त्यांना लागू. दोन वर्षांमागची विक्री एक कोटी येनच्या आत हवी. आधी अर्ज नको, परवानगी नको. विवरणपत्रात उजव्या बाजूला चौकट आहे, तिच्यात गोल करायचा. न करता पाठवलं तर त्या वर्षापुरती सवलत गेली, मागाहून मिळत नाही, म्हणून तो गोल..."

ते थांबले. कविता पाठ केलेल्या पोराला मधलीच ओळ आठवू नये तसे थांबले, पण त्यांना ओळ आठवत होती. कायदा त्यांना माझ्या मोबाईलपेक्षा चोख येत होता. फक्त हात जुन्या वाटेनं गेला होता.

"तुमच्या कागदावर मी गोल केला होता ना?"

"नाही, मास्तर."

त्यांनी उठून मागच्या वर्षीच्या फायली खाली काढल्या. एक उघडली, बाजूला ठेवली, दुसरी उघडली. मी उभीच होते. हात्सुएची उघडली ती मात्र त्यांनी बाजूला ठेवली नाही. त्याआधीच्या वर्षाच्या फायली त्यांनी काढल्या नाहीत. "तेव्हा हाताखालच्या बाई होत्या, त्यांच्या नजरेतून सुटलं नसणार," असं स्वतःशीच म्हणाले. मीही काढा म्हटलं नाही. एका संध्याकाळी तेवढं पुरे होतं.

"विम्याला कळवा ना," मी म्हटलं. "तुम्हा लोकांचा अशा चुकांसाठी विमा असतो म्हणे."

"टबवाल्याचा विमा नव्हता," ते म्हणाले.

दोन दिवसांनी ते पाकिटं घेऊन निघाले. प्रत्येकाचा जास्त गेलेला कर, स्वतःच्या बचतीतून. बर्फात पडतील म्हणून मी दंडाला धरून सोबत गेले. टोफूवाल्याकडे ते दारातच वाकले आणि म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली." टोफूवाला त्यांच्याहून खाली वाकला. "कसली चूक, मास्तर? आमचा हिशेब अगदी बरोबर होता. थंडी आहे, आत या." पाकिटाला त्यानं हात लावला नाही, उलट चार टोफू पिशवीत घालून दिले. पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्या दारीही तेच. आमच्या घरी सासूबाईंनी तर कानांवर हात ठेवले. "आम्ही ऐकलंच नाही," म्हणाल्या. शुन्साकु माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच पैसे खाल्ले आहेत. सगळी पेठ फिरून झाली तेव्हा मास्तरांच्या खिशात सगळी पाकिटं तशीच होती, आणि माझ्या हातात टोफू, मासळी आणि कुणी दिलेला गोड बटाटा.

हात्सुएकाकू सार्वजनिक स्नानगृहाच्या मागं एका खोलीत राहते. आत बोलताना आमच्या तोंडातून वाफ निघत होती. मास्तर वाकले, पाकीट पुढं केलं. काकूनं ते दोन्ही हातांनी घेतलं, उघडलं आणि नोटा मोजल्या.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि त्याआधीचे?"

"त्याआधीचे?"

"पहिल्या वर्षीचे. तीन महिन्यांचे होते. तेव्हाही गोल नव्हता, मास्तर. थोडेच आहेत, पण रॉकेलचा एक डबा येतो त्यात."

मास्तर हळूच म्हणाले, "तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"तेव्हा नाही कळलं. मागच्या वसंतात पेठेत बोलायला लागले, तेव्हा मीही कागद काढून बघितले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दुकानवाले सगळे गप्प. मालीशवालीनं आधी बोलायचं?"

मास्तरांनी स्वतःचं पैशांचं पाकीट काढून अख्खंच तिच्यासमोर ठेवलं आणि गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवलं. बाकीच्या घरांत ते नुसते वाकले तरी लोक धावत होते, अहो मास्तर, उठा. काकू तसं म्हणाली नाही. तिनं त्यांना पुरतं वाकू दिलं. मग तिनं आपले पैसे वेगळे काढून पाकीट परत केलं आणि शेगडी पेटवली. "बसा, ऊब येईल," म्हणाली. आम्ही तिघं हात शेकत बसलो. मास्तरांचे डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

ह्या वर्षीचे कागद त्यांनी केले. प्रत्येक कागदावर गोल केला आणि प्रत्येक मला दाखवला. शेवटचा गेल्यावर त्यांनी परवाना परत केला.

एप्रिलमध्ये पेठेनं त्यांच्यासाठी वरच्या हॉटेलात निरोपाचं जेवण ठेवलं. मंडळाचे अध्यक्ष तोगाशी पेला उंचावून म्हणाले, "चाळीसहून जास्त वर्षं, आणि मास्तरांच्या हातून एक चूक नाही."

मास्तर उभे राहिले. आवाज बारीक होता, पण दालनात सगळ्यांना ऐकू गेला. "चूक झाली. एकदा नाही, दोन वर्षं. मी तुमचं नुकसान केलं. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही. मला त्याबद्दल बोलू तरी द्या."

मग तोगाशी मोठ्यानं हसले. "बघा, जाता जातासुद्धा विनय सुटत नाही." टाळ्या सुरू झाल्या. टोफूवाला वाजवत होता, माझा नवरा वाजवत होता, बराच वेळ वाजवत होते. मी तोंड उघडलं तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या ताटलीत मासा वाढला आणि माझी बाही धरून ठेवली. मास्तर हात खाली सोडून उभे होते. त्यांची नजर टेबलांवरून फिरत होती. हात्सुएकाकू आली नव्हती, तिला दुसऱ्या हॉटेलात पाहुण्यांची मालीश होती.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी त्यांचा पेला भरला. मास्तरांनी तो घेतला, सगळ्यांना वाकून धन्यवाद दिले आणि खाली बसले.