पिसाळलेलं नव्हतं

मेंढपाळ मामा तामलवाडीहून माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आले ते एकटेच. "कुत्र्याची लाळ गळतीया, डाक्टरीणबाई. गाव म्हणतंय पिसाळलंय. उद्या मारणार हायेत." एवढं बोलून ते उंबऱ्यातच बसले.

मी भडकलेच. लाळ दिसली की पिसाळलं, झालं! सुतावरून स्वर्ग गाठायची आपल्याकडं खोडच आहे. पण रेबीजशी खेळ नको. मी लस टोचून घेतलेली होती, म्हणून स्वतःच निघाले.

कुत्रं मेंढ्यांपासून लांब, बाभळीला साखळीनं बांधलेलं. मामांना बघून शेपूट हलवायला लागलं.

"लाळ कधीपासून?"

"उन्हाळ्यापासनं की."

अहो, पिसाळलेलं कुत्रं दहा-बारा दिवसांत संपतं! ह्यानं अख्खा पावसाळा काढला होता, पाणीसुद्धा पीत होतं. जमलेल्यांना हे सांगितलं, तर एकजण म्हणाला, "कागद दाखवा."

कुत्र्याच्या तोंडाला दोरी बांधली आणि गळ्यातला पट्टा सोडला. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून मेंढपाळ घालतात तो खिळ्यांचा, रुंद पट्टा. एकदा घातला की कोण काढतंय! त्याच्याआड, जबड्याच्या कोपऱ्याला, गाठ होती. नुसती लाळ साचली असती तर मऊ लागली असती. ही कच्च्या पेरूसारखी टणक. गिळताना दुखत असणार, म्हणून लाळ बाहेर. सुई घातली तर रक्ताळलेला थेंब आला. तो काचपट्टीवर पसरून लॅबला पाठवला आणि गावाला बजावलं, रिपोर्ट येईपर्यंत कुणी काठी उचलायची नाही. त्याच आठवड्यात माझ्या गाडीतून नेऊन त्याच्या छातीचा एक्स-रेही काढला.

लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला. कुत्र्यांत क्वचित होतो. मी तर पहिल्यांदाच पाहत होते. फुप्फुसातही पसरलेला. कापून उपयोग नव्हता. मामांना कसं सांगायचं, ह्याचेच शब्द वाटभर जुळवत गेले.

"मामा, कॅन्सर आहे. फार दिवस काढायचं नाही ते. दुखण्याचं औषध तेवढं देते."

"पिसाळलं न्हाय नव्हं?"

"नाही."

"मग मोठ्यानं सांगा की, बाई! समद्यांना ऐकू जाऊ द्या!"

सांगितलं, पार घसा ताणून. मामांनी साखळी सोडली. कुत्रं त्यांच्या धोतराला तोंड घासायला लागलं, आणि म्हातारा एकाच वेळी हसत होता, रडत होता.

"मरू द्या आता," ते म्हणाले. "आमच्यात मरंल."

मला तिथं उभं राहवेना.