घेण्यास नकार दिला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कसं सांगणार? तिच्या लेखी मी सरळ माणूस — आणि सरळ म्हणून उभं राहायला मला तेवढी एकच जागा उरली आहे. तुम्हाला सांगतो. जमेल तसं सांगतो.

मी पोलीस हवालदार, बोईसरच्या बाजूला. ठाण्यात हजेरी माझ्याकडे — कोणाची ड्युटी कुठं, कोण रजेवर, हे लिहायचं. जनार्दन माझ्या हाताखालचा शिपाई, एडवणचा, मच्छीमाराच्या घरातला. एका सकाळी म्हणाला, "दादा, बायकोला पालघरला ॲडमिट करतोय. जाऊ ना?" मी म्हणालो, जा, साहेबांना मी सांगतो.

नाही सांगितलं. विसरलो. त्याच दिवशी कुंभवलीत एका कारखान्याच्या फाटकावर कामगार जमले, बंदोबस्ताला माणसं कमी पडली, साहेबांनी विचारलं, जनार्दन कुठंय? मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब." तीन शब्द. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. त्याचा दवाखान्यातून फोन यायचा, मी म्हणायचो, तू काळजी करू नकोस, साहेबांना माहीत आहे. आणि हजेरीत त्याच्या नावापुढं माझ्याच अक्षरात — गैरहजर. महिनाभर.

साहेबांनी त्याच्यावर चौकशी लावली. पोलिसाला असं उठून घरी पाठवता येत नाही. आधी नोटीस त्याच्या हातात द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आम्हाला तेवढंच एक कवच. ती नोटीस बजावायला कोणाला पाठवलं? मला. एडवणच्या वाटेवर केळव्यापर्यंत गेलो, पुढं गाडी जाईना. नोटीस हातात पडली की तो एकच वाक्य बोलणार होता — दादांना सांगून गेलो होतो. मग माझ्या नोकरीचं काय? भ्यालो. वर्दीतला शूर माणूस, चहाच्या टपरीवर बसून नोटिशीच्या प्रतीवर लिहीत होतो : "घरी आई मिळून आली. घेण्यास नकार दिला." नकार लिहिला की नोटीस बजावली असंच धरतात. टपरीवरच्याच दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या. त्यांनी वाचलंही नाही.

चौकशीचे पुढचे दोन कागदही मीच नेले; तो अजून पालघरलाच, बायकोच्या उशाशी. तेही असेच.

चौकशी एकतर्फी झाली. जनार्दन बडतर्फ. साहेबांनी शब्द फिरवला, माझं नाव मधे आणू नकोस, असं मी त्याला सांगितलं. त्यानं अपील केलं, तेव्हा माझा शेरा त्याला दिसला. वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. नाही हो! तो आईवर चिडला. दादा खोटं कशाला लिहितील? एवढा विश्वास — कोणी ठेवावा का माझ्यावर एवढा? अपील फेटाळलं गेलं. तो आईशी बोलायचा बंद झाला.

तेव्हा कुठं मी एडवणला गेलो, पहिल्यांदाच. काय करायला गेलो होतो? कबूल करायला, असं वाटेत ठरवलं होतं खरं. म्हातारी ओट्यावर होती. वर्दी पाहून उठली, माझ्या पायाशी वाकायला लागली. "मना काय बी आठवत नाय, बाबा. तुमी आलेले, नि मीच कागद घेतला नाय. पोराची नोकरी मीच घालवली."

मी तिचे हात धरले. म्हणालो, "असू दे, मावशी. वयानं होतं असं."

गेल्या साली ती वारली, तेच खरं मानून. मी अजून नोकरीत आहे.